आयसीयूतल्या सिस्टरला वेगळा भत्ता का हवा? वरणगावच्या पेशंटचा यात काय संबंध?

वरणगाव | विशेष विश्लेषण

वरणगावात 'भत्ता' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे नाइट ड्युटी, ओव्हरटाइम, महागाई भत्ता हे शब्द इथल्या घराघरात पोराबाळांनाही माहीत. रात्रीचं काम असेल, जोखमीचं काम असेल तर त्याचे पैसे वेगळे, हा इथला साधा व्यवहार आहे.

मग हाच व्यवहार सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरला का लागू होत नाही? जी रात्रभर व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ उभी असते, एक किलो वजनाच्या बाळाला सांभाळते, डायलिसिसच्या मशीनवर रक्ताशी खेळते, तिचा पगार आणि साध्या वॉर्डातल्या सिस्टरचा पगार राज्य सरकारच्या हिशेबात सारखाच. वर कंत्राटावर असेल तर त्याहून निम्मा.

हा प्रश्न नर्सच्या संघटनेचा आहे, आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण संबंध थेट आहे. कसा, ते पाहू.

संप झाला, पण मूळ प्रश्न किती जणांना कळला?

मे २०२२ च्या शेवटी राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका बेमुदत संपावर गेल्या होत्या. मुख्य विरोध होता खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरती करण्याला. सोबत आणखी एक मागणी होती, ती बातम्यांत मागे पडली: केंद्र सरकारच्या नर्सना महिन्याला ७,२०० रुपये नर्सिंग भत्ता मिळतो, तो आम्हालाही द्या.

जुलै २०२५ मध्ये पुन्हा तेच. मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलन झालं आणि १८ जुलैपासून बेमुदत संप. वेतनातली तफावत, खुल्लर समितीच्या अहवालानंतरही राहिलेल्या त्रुटी, कंत्राटी भरती, हेच विषय. तीन वर्षांत दोनदा त्याच कारणाने माणसं रस्त्यावर येतात, म्हणजे मधल्या काळात मूळ दुखण्याला हात लागलेला नाही.

संप झाला की आपल्याकडे एकच बातमी होते, 'रुग्णांचे हाल'. हाल होतात हे खरंच. पण संप नसतानाही हाल का होतात, हे कुणी विचारत नाही.

भुसावळ आणि जळगाव: एकच काम, तीन पगार

लांब जायची गरज नाही, आपल्या जिल्ह्यातच बघा. भुसावळला रेल्वेचं विभागीय हॉस्पिटल आहे. तिथली नर्स केंद्राच्या नियमाने पगार घेते. सातव्या वेतन आयोगात तिचं मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होतं. त्यावर नर्सिंग भत्ता. हा भत्ता आधी ४,८०० होता, २०१७ मध्ये ७,२०० झाला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की तो २५ टक्क्यांनी वाढतो, म्हणून जानेवारी २०२४ पासूनचा हिशेब ९,००० वर जातो.

आता जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात या. सिव्हिल हॉस्पिटलच्याच जागेत २०१८ पासून हे कॉलेज सुरू झालं. तिथली कायम सेवेतली अधिपरिचारिका राज्याच्या नियमाने पगार घेते. मूळ वेतन ३५,४०० पासून. मूळ वेतनातच ९,५०० चा फरक, आणि महागाई भत्ता मूळ वेतनावर टक्क्याने मिळतो, त्यामुळे हातात येताना फरक आणखी वाढतो. केंद्रासारखा नर्सिंग भत्ता नाही, तो वेगळाच.

तिसरी आहे राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी स्टाफ नर्स. तिच्या भरतीच्या जाहिरातीत आकडा असतो साधारण २०,००० रुपये एकत्रित मानधन. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, ज्याला आपण एसएनसीयू म्हणतो, तिथे या कंत्राटी सिस्टरांचा मोठा भार असतो. म्हणजे सगळ्यात नाजूक पेशंट आणि सगळ्यात कमी पगार, अशी उलटी जोडी आपण लावून ठेवली आहे.

केंद्रातही स्पेशल युनिटची किंमत दिवसाला १८ रुपये

केंद्रात सगळं चांगलं आणि राज्यात वाईट, असंही नाही. नर्सिंग भत्ता हा सगळ्या नर्सना सरसकट मिळतो. विशेष विभागासाठी म्हणून जो वेगळा भत्ता आहे, तो 'ऑपरेशन थिएटर भत्ता'. सातव्या वेतन आयोगाने तो बंदच करा म्हटलं होतं. सरकारने ठेवला आणि ३६० वरून ५४० रुपये केला.

५४० रुपये महिन्याला. दिवसाला १८ रुपये. बसस्टँडवर एक-दोन कट चहा आणि संपले. ज्या ऑपरेशनमध्ये टाके घालण्याआधी प्रत्येक कापसाचा बोळा, प्रत्येक चिमटा मोजून घ्यायची जबाबदारी सिस्टरवर असते, त्या जबाबदारीचं मोल एवढंच.

म्हणून 'केंद्राप्रमाणे द्या' ही मागणी बरोबर असली तरी अर्धीच आहे. सरसकट नर्सिंग भत्ता हा एक विषय आणि विशेष विभागातल्या कामाचं वेगळं मोल हा दुसरा. दोन्हींची गल्लत झाली की सरकारला दोन्ही टाळायला सोपं जातं.

विशेष विभागात असं वेगळं काय असतं?

समजा, हतनूर रोडवरच्या एखाद्या घरातल्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा आल्या. बाळ झालं सव्वा किलोचं. वरणगावच्या ग्रामीण रुग्णालयात अशा बाळाला ठेवता येत नाही. १०८ ची गाडी येते, हायवेने भुसावळमार्गे चाळीसेक किलोमीटरवर जळगाव. तिथे एसएनसीयूत बाळ दाखल होतं.

डॉक्टर राउंडला येतो, तपासतो, लिहून देतो, पुढच्या बाळाकडे जातो. उरलेल्या चोवीस तासांत बाळाच्या जवळ असते ती सिस्टर. औषधाचा डोस मिलिलिटरच्या दहाव्या भागात मोजायचा असतो. वॉर्मरचं तापमान बघायचं. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, आणि जास्त झाला तर अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. म्हणजे मॉनिटरवरचा आकडा एका ठराविक पट्ट्यातच राहिला पाहिजे. हे नवख्या माणसाला पहिल्या दिवशी जमत नाही. महिने लागतात.

आयसीयूत व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की तो नळीत कफ अडकल्यामुळे वाजला, नळी सुटल्यामुळे वाजला की पेशंटच खालावतोय म्हणून, हे काही सेकंदांत ओळखावं लागतं. डायलिसिसमध्ये चार तासांत बीपी कधी खाली जाईल सांगता येत नाही, आणि काविळीच्या पेशंटचं रक्त रोज हाताळावं लागतं.

यासाठी वेगळं शिक्षणही आहे. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअर, नवजात शिशू, ऑपरेशन थिएटर, कॅन्सर अशा विषयांत एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा ठेवले आहेत. पण हा डिप्लोमा करून आलेल्या सिस्टरला पगारात काय फरक पडतो? फार काही नाही. मग घरदार सोडून एक वर्ष शिकायला कोण जाईल?

जबाबदारी आली की नाव सिस्टरचं

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. १० गेली, ७ वाचली. चौकशीनंतर वरच्या अधिकाऱ्यांवर निलंबन आणि बदलीची कारवाई झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली, आणि पुढच्याच महिन्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर, आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू पेटला. त्या दिवशी ११ रुग्ण गेले. अटक झालेल्या चौघांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका होत्या.

कुणाची चूक होती, किती होती, ते कोर्ट ठरवेल. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखाला उत्तर मिळालंच पाहिजे. पण या दोन घटनांतून एक गोष्ट उघड दिसते. काही बिघडलं की सरकार मान्य करतं की अतिदक्षता कक्षात नर्सची जबाबदारी साधी नसते, जिवाची असते. मग ही जबाबदारी गुन्हा नोंदवताना वेगळी आणि पगार काढताना मात्र इतरांसारखीच, हे कसं?

आपल्या जळगावचंही आठवा. जून २०२० मध्ये कोविड रुग्णालयातून ८२ वर्षांच्या आजीबाई बेपत्ता झाल्या आणि आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. पेशंटवर लक्ष ठेवायला पुरेसे डोळे असणं म्हणजे काय, हे त्या घटनेनंतर खान्देशात कुणाला वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे

विशेष विभागाला जादा भत्ता द्यायचा म्हटलं की पहिला विरोध नर्सकडूनच येतो, आणि त्यात दम आहे.

एक: साध्या वॉर्डातली सिस्टर म्हणते, आयसीयूत पेशंट कमी असतात, माझ्याकडे अख्खा वॉर्ड आहे. नियमाने बघितलं तर शिकवण्याच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स हवी. प्रत्यक्षात जनरल वॉर्डात काय असतं, ते जळगाव सिव्हिलला पेशंट घेऊन गेलेल्या कुणालाही विचारा. तिचं काम हलकं आहे असं म्हणायची हिंमत कुणी करू नये.

दोन: आयसीयूत जादा पैसे म्हटले की तिथे ड्युटी लावून घेण्यासाठी वशिला सुरू होईल. ज्याची ओळख त्याला भत्ता. सरकारी कार्यालयांचा अनुभव असलेल्यांना ही भीती खोटी वाटणार नाही.

तीन: कायम असलेल्यांना भत्ता आणि कंत्राटीला ठेंगा, असं झालं तर एकाच पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघींमध्ये आणखी कडवटपणा येईल.

या तिन्ही हरकती खऱ्या आहेत. पण त्यातून 'भत्ता देऊ नका' असं निघत नाही. 'भत्ता कसा द्या' ते निघतं. पहिल्या हरकतीला उत्तर म्हणजे सरसकट नर्सिंग भत्ता सगळ्यांना, आणि त्यावर विशेष विभागाचा वेगळा. दुसऱ्या हरकतीला उत्तर म्हणजे भत्ता ओळखीवर नको, शिक्षणावर आणि हजेरीवर हवा: डिप्लोमा किंवा ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण, आणि त्या विभागात प्रत्यक्ष केलेल्या ड्युट्या. तिसऱ्याला उत्तर म्हणजे भत्ता माणसाच्या नेमणुकीला नको, त्या कक्षातल्या कामाला हवा. जी उभी असेल तिला तो मिळेल, कायम असो की कंत्राटी.

राज्याला हे नवीन नाही

अवघड जागी काम करणाऱ्याला जादा द्यायचं, हे महाराष्ट्र सरकार आधीपासून करतं. आपल्याच जिल्ह्यात यावल, चोपडा, रावेरच्या सातपुडा पट्ट्यात आदिवासी क्षेत्रात नोकरी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना 'एकस्तर' वेतनश्रेणी मिळते. ६ ऑगस्ट २००२ चा शासन निर्णय आहे. गुरुजी लोकांना हा शब्द चांगला ठाऊक आहे. तिथे कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून सरकारने एक पायरी वरचा पगार दिला. सरकारी डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल व्यवसायरोध भत्ता मिळतो.

म्हणजे तत्त्व मान्य आहे. कामाची जागा अवघड, तर मोबदला वेगळा. मग आयसीयू ही अवघड जागा नाही का?

पैसा किती लागेल? साधं गणित

'तिजोरीवर भार' हे उत्तर नेहमी येतं. म्हणून गणितच मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत.

समजा १० खाटांचा आयसीयू आहे. एका व्हेंटिलेटरच्या पेशंटमागे एक नर्स धरली तर एका पाळीत १०, तीन पाळ्यांत ३०. आठवड्याची सुट्टी धरली तर ३५. रजा, आजारपण यासाठी ३० टक्के राखीव धरले तर ४५ च्या आसपास.

१२ खाटांचा एसएनसीयू. चार बाळांमागे एक नर्स धरली तर पाळीत तीन, दिवसाला नऊ, सुट्ट्या-रजा धरून १४.

या ५९ जणींना महिन्याला ३,००० रुपये विशेष विभाग भत्ता दिला, तर महिन्याला १ लाख ७७ हजार. वर्षाला २१ लाख २४ हजार. एका मोठ्या रुग्णालयाचे दोन जीव वाचवणारे कक्ष आणि वर्षाचा खर्च २१ लाख. जिल्ह्याच्या मानाने ही रक्कम डोक्यावरून पाणी जाण्याइतकी आहे का, तुम्हीच ठरवा.

सरसकट नर्सिंग भत्त्याचं गणित मोठं आहे, हे मान्य. ७,२०० ने एका नर्सचे वर्षाचे ८६,४०० होतात, हजार नर्सचे ८ कोटी ६४ लाख. म्हणूनच तो टप्प्याने देता येईल. पण विशेष विभागाचा भत्ता लगेच सुरू करायला एवढी अडचण दिसत नाही.

पैशाची एक वाटही आहे. महात्मा फुले जनआरोग्य आणि आयुष्मान भारत योजनेत सरकारी रुग्णालयातल्या उपचाराचेही पैसे रुग्णालयाच्या खात्यात येतात, आणि त्यातला काही भाग काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून देण्याची पद्धत या योजनांत मान्य आहे. आयसीयूतल्या पेशंटमुळे जे पैसे येतात, त्यातला वाटा आयसीयूतल्या सिस्टरपर्यंत पोहोचतो का, हे विचारलं पाहिजे.

खासगीत काय?

खासगी दवाखान्याचं बिल नीट वाचा. त्यात 'नर्सिंग चार्ज' असा वेगळा रकाना असतो, आणि आयसीयूत तो जनरल वॉर्डपेक्षा जास्त असतो. म्हणजे आयसीयूतल्या नर्सिंगचं मोल जास्त आहे, हे मालक लोक मान्य करतात. तो आकडा सिस्टरच्या पगारात किती उतरतो, हा वेगळा भाग.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने एक समिती नेमली होती. तिने सांगितलं, २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सइतका हवा. १०० ते २०० खाटांत १० टक्क्यांपेक्षा कमी नको, ५० ते १०० खाटांत २५ टक्क्यांपेक्षा कमी नको, आणि त्याहून लहान दवाखान्यातही २०,००० च्या खाली नको. म्हणजे खासगी पगाराचा खुंटा राज्य सरकारच्या पगाराला बांधलेला आहे. सरकारी नर्सला काय मिळतं, यावर गावातल्या शेकडो पोरींचं भवितव्य ठरतं. जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या मुली आज आपल्या प्रत्येक गावात आहेत. बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली असते.

भत्त्यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट

नुसता भत्ता देऊन भागणार नाही. सरकारी रुग्णालयांत ठराविक महिन्यांनी वॉर्ड बदलण्याची पद्धत आहे. सहा महिने एसएनसीयूत हात बसला, की सिस्टर जाते हाडांच्या वॉर्डात आणि तिच्या जागी येते नवी. कंत्राटी सिस्टर तर शिकते, सराव होतो आणि चांगली संधी मिळाली की पुण्या-मुंबईला नाहीतर थेट परदेशात निघून जाते. तिला दोष देता येत नाही. आपण तिला शिकवलं आणि दुसऱ्याने तिला पगार दिला.

हत्ती घेतला आणि अंकुशाला पैसे नाहीत, अशी आपली गत आहे. व्हेंटिलेटर येतं, उद्घाटन होतं, फोटो होतात. ते चालवणारा हात मात्र दर सहा महिन्यांनी बदलतो. विशेष विभाग भत्त्याचा खरा उपयोग इथे आहे: शिकलेला हात त्याच जागी टिकवणं. भत्ता, दोन-तीन वर्षं त्याच विभागात नेमणूक, आणि डिप्लोमासाठी पगारी रजा, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच फरक पडेल.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिथे लोकप्रतिनिधी असतात. त्यांना विचारा. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. प्रश्न चारच विचारा: आयसीयू आणि एसएनसीयूत नर्सची मंजूर पदं किती? भरलेली किती? त्यात कंत्राटी किती? आणि एका पाळीत एका नर्सकडे किती पेशंट?

निवडणुकीत मत मागायला आलेल्याला आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो. विचारलंच पाहिजे. त्यात हा एक प्रश्न वाढवा. कारण रात्री दोन वाजता वरणगावहून निघालेली १०८ ची गाडी जळगावला पोहोचेल, तेव्हा आपल्या माणसाचा हात हातात घेणारी सिस्टर नवखी आहे की सरावलेली, एकटी आहे की सोबतीला कुणी आहे, हे त्या रात्री ठरत नाही. ते आधीच, मंत्रालयातल्या एका फाइलवर ठरलेलं असतं.